एकच शब्दरूप, अनेक कुळे : कोशात नोंद एक करावी की वेगवेगळ्या?

मूळ प्रश्न : शब्दसूचीकार

नमस्कार. भारतीय भाषांमध्ये सारख्या दिसणाऱ्या शब्दांची एक बहुभाषिक सूची तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. प्राथमिक जुळणी संगणकाकडून करून घेतली आहे. लिपी बाजूला ठेवून ज्या शब्दांची अक्षरे जुळतात, ते सारे शब्द आणि त्यांचे सारे अर्थ संगणकाने एकेका नोंदीखाली आणून ठेवले आहेत. ही जुळणी तपासायला घेतल्यावर लक्षात आले की अक्षरे जुळणे आणि शब्द जुळणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

'अवकाश' ही नोंद पाहा. तिच्याखाली मराठीतली मोकळी जागा आणि अंतराळ, हिंदीतली सुट्टी, तेलुगू व कन्नडमधली संधी आणि मल्याळममधला हक्क असे अर्थ एका रांगेत उभे आहेत. 'काम' या नोंदीखाली उद्योग आणि वासना शेजारीशेजारी आले आहेत. 'बस' या नोंदीखाली बसण्याची आज्ञा, 'पुरे' हा उद्गार आणि रस्त्यावरून धावणारे वाहन या तिघांची गाठ पडली आहे. वाचणाऱ्याला या तिन्ही नोंदी सारख्याच विस्कळीत वाटतील. परंतु मला असे जाणवते की यांपैकी एखाद्या नोंदीतला विस्कळीतपणा वरवरचा आहे, आणि एखाद्या नोंदीत मात्र एकमेकांशी काहीही संबंध नसलेले शब्द बळेच एकत्र बांधले गेले आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की सारखे दिसणारे दोन शब्द मुळात एकच आहेत, की दोन वेगळ्या वाटांनी येऊन एका रूपात मिळाले आहेत, की निव्वळ योगायोगाने सारखे झाले आहेत, हे ठरवण्याची काही खात्रीची रीत आहे का? दुसरा असा, की हे ठरल्यानंतर कोशात त्यांची नोंद कशी करावी? केवळ अर्थांतील अंतर पाहून निर्णय घेणे मला पटत नाही, पण त्याऐवजी काय पाहावे हेही नेमके सांगता येत नाही.

---

प्रतिसाद : ध्वनिवेध

अर्थांतील अंतर हा निकष तुम्हाला पटत नाही, हे योग्यच आहे. अर्थ कितीही दूर गेला तरी शब्द एकच असू शकतो, आणि अर्थ अगदी जवळ असले तरी शब्द दोन असू शकतात. शब्दांचे नाते त्यांच्या आजच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. प्रत्येक शब्दाला एकेक पायरी मागे नेत जावे लागते आणि दोघे एका जागी पोहोचतात की नाही ते पाहावे लागते. तुमच्या तीन उदाहरणांपैकी 'अवकाश' हा एकच शब्द आहे, 'काम' हे दोन शब्द आहेत आणि 'बस' हे तीन.

'काम'पासून सुरुवात करू. 'काम, क्रोध, लोभ' यांतला काम संस्कृतातून जसाच्या तसा आलेला तत्सम शब्द आहे. 'हातातले काम' यातले काम मात्र संस्कृत 'कर्म'चे वंशज आहे. प्राकृतात 'कर्म'चे 'कम्म' झाले. पुढे त्या जोडाक्षरातले एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होऊन 'काम' हे रूप सिद्ध झाले. ही या एकाच शब्दापुरती घडलेली गोष्ट नव्हे. 'सप्त, सत्त, सात', 'हस्त, हत्थ, हात', 'कर्ण, कण्ण, कान', 'चर्म, चम्म' आणि त्यातून 'चामडे' ही सारी साखळी त्याच नियमाने चालते. एखाद्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवताना मी सर्वप्रथम हेच पाहतो. जो बदल सांगितला जातो आहे तो इतर शब्दांतही त्याच परिस्थितीत घडलेला दिसतो का? दिसत नसेल, तर ती व्युत्पत्ती कितीही आकर्षक असली तरी बाजूला ठेवावी.

हाच नियम आणखी दोन जोड्या सोडवतो. 'वातविकार' यातला वात तत्सम आहे, तर दिव्याची वात 'वर्ति, वत्ति' या वाटेने आली आहे. हिंदीत तिचेच 'बाती' आणि 'बत्ती' झाले. 'धूम्रपान' यातले पान पिण्याच्या क्रियेचे आहे, तर झाडाचे आणि वहीचे पान 'पर्ण, पण्ण' या वाटेने आले आहे.

येथे मराठी भाषकाच्या हाती एक खूण अनायासे असते, ती म्हणजे शब्दाचे लिंग. आपण 'तो काम' आणि 'ते काम' असे वेगवेगळे म्हणतो, कारण संस्कृतात 'काम' पुल्लिंगी होता आणि 'कर्म' नपुंसकलिंगी. 'तो वात' आणि 'ती वात' यांचेही तसेच आहे, कारण 'वर्ति' स्त्रीलिंगी होती. (एखाद्याने वात आणला, असे आपण वैतागून म्हणतो तेव्हा तो पहिला, पुल्लिंगी वात असतो, दिव्याशी त्याचा काही संबंध नाही.) रूप एकसारखे झाले तरी जुने लिंग टिकून राहिले आणि त्याने दोन्ही शब्दांना वेगळे ठेवले. हिंदीत नपुंसकलिंग उरले नाही, त्यामुळे तिथे दोन्ही 'काम' पुल्लिंगी झाले आणि ही खूण पुसली गेली. अर्थात ती मराठीतही सर्वत्र उपयोगी पडत नाही. 'पर्ण' आणि 'पान' हे दोन्ही शब्द मुळात नपुंसकलिंगी असल्यामुळे मराठीत दोघांनाही 'ते पान' असेच म्हटले जाते. तिथे लिंग काही सांगत नाही, ध्वनींचा इतिहासच पाहावा लागतो.

आता 'अवकाश'. या शब्दाचा संस्कृतातला मूळ भाव 'उघडी, रिकामी जागा' असा आहे. ही जागा स्थळाची मानली की मराठीतला अवकाश आणि 'अवकाशयान' मिळते. ती काळाची मानली की 'पाहुणे यायला अजून अवकाश आहे' हे वाक्य मिळते. कामाच्या दिवसांत पडलेली रिकामी जागा म्हणजे हिंदीतली सुट्टी. काही करून दाखवण्यासाठी मिळालेली मोकळीक म्हणजे तेलुगू-कन्नडमधली संधी. आणि ती मोकळीक कायद्याने किंवा रूढीने आपल्यासाठी राखलेली असली म्हणजे मल्याळममधला हक्क. मल्याळममध्ये मानवी हक्कांना 'मनुष्यावकाशम्' म्हणतात, हे वाचून मराठी माणूस क्षणभर अंतराळात जाईल; पण यातली एकही पायरी अवघड नाही. येथे शब्द एकच आहे, म्हणून माझ्या मते नोंदही एकच असावी आणि तिच्याखाली भाषावार अर्थ द्यावेत.

'बस'विषयी सवडीने लिहीन, कारण त्या शब्दाचे मूळ फार वेगळ्या ठिकाणी आहे.

---

प्रतिसाद : दुभाषी लेखणी

ध्वनिवेध यांचे विवेचन शास्त्राला धरून आहे, परंतु कोशाच्या रचनेविषयीचा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. मी अनुवादाचे काम करतो. अनुवादकाला जे शब्द फसवतात ते वेगळ्या कुळांतले नसतात, एकाच कुळातले असतात. फ्रेंचमध्ये अशा शब्दांना 'खोटे मित्र' म्हणण्याची प्रथा १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाच्या नावावरून रूढ झाली. वाक्यात 'काम' आले असता उद्योग की वासना, अशी शंका कोणालाच पडत नाही. संदर्भ लगेच निर्णय देतो. फसगत होते ती 'उपन्यास' यासारख्या शब्दापाशी.

'उपन्यास' म्हणजे शब्दशः 'जवळ आणून ठेवणे', म्हणजेच मांडणी किंवा निवेदन. बंगालीत आणि हिंदीत त्याचा अर्थ कादंबरी असा स्थिरावला. कन्नड आणि तेलुगूमध्ये मात्र तोच शब्द व्याख्यानासाठी वापरतात. कन्नडमध्ये महाविद्यालयातल्या व्याख्यात्याला 'उपन्यासक' म्हणतात. आता कन्नड मजकुरात एखाद्याचा 'उपन्यास' झाला असे वाचून हिंदीच्या सवयीने त्याला कादंबरीकार ठरवणारा अनुवादक चुकतो, आणि तीही अशी चूक की वाक्य अर्थपूर्णच राहते, त्यामुळे ती कोणाच्या नजरेत येत नाही. गंमत अशी, की मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी या साहित्यप्रकाराला 'कादंबरी' हे नाव दिले, आणि ते सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून, म्हणजे वस्तुतः तिच्या नायिकेच्या नावावरून आले आहे. एका भाषेत नायिकेचे विशेषनाम असलेला शब्द दुसऱ्या भाषेत साहित्यप्रकाराचे सामान्यनाम होतो, याला ध्वनिपरिवर्तनाचा कोणताही नियम लागू पडत नाही.

'आलोचना' हा आणखी एक. हिंदीत टीका, बंगालीत चर्चा, तेलुगू-कन्नडमध्ये विचार, आणि जैन परंपरेत स्वतःच्या दोषांची गुरूपुढे दिलेली कबुली. 'प्रपंच' तसाच : तेलुगू-कन्नडमध्ये सारे जग, मराठीत घरसंसाराचा रगाडा, हिंदीत बहुधा कपट किंवा नसता खटाटोप. 'चेष्टा' हिंदी-बंगालीत प्रयत्नाला म्हणतात. मराठीत कोणाच्या चेष्टेला प्रयत्न समजून दाद दिली, तर काय प्रसंग ओढवेल ते सांगायला नको.

हा प्रकार संस्कृतपुरता मर्यादित नाही. फारसी 'रोजगार' म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे तो पोटापाण्याचा उद्योग झाला आणि तुर्कीत 'रुझगार' म्हणजे वारा. अरबी 'मुसाफिर' म्हणजे प्रवासी, तो तुर्कीत 'मिसाफिर' होऊन पाहुणा झाला. प्रवासाला निघालेला माणूस कोणाच्या तरी दारी पोहोचणारच, त्यामुळे हा अर्थबदल समजून घेण्यासाठी कोश उघडण्याचीही गरज नाही. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष आणि इंग्रजीत भेट. दोन्ही 'देणे' याच धातूतून आलेले आहेत. जर्मनमध्ये दिलेल्या औषधाच्या मात्रेवरून तो शब्द विषाकडे गेला.

म्हणून माझी सूचना अशी आहे की व्युत्पत्ती एक असो वा नसो, वापरात अर्थ फुटला असेल तर नोंद फोडावी. वाचक कोश उघडतो तो पुढ्यातल्या वाक्याचा अर्थ लावण्यासाठी, शब्दाची वंशावळ पाहण्यासाठी नव्हे. शिवाय व्युत्पत्तीत किती मागे जायचे यालाही अंत नाही. इंग्रजीतली नदीकाठची 'बँक' आणि पैशांची 'बँक' हे भिन्न मुळांच्या समरूप शब्दांचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून देतात. पण बरेच मागे गेले तर ती दोन्ही जर्मानिक कुळातल्या एकाच जुन्या शब्दापाशी पोहोचतात. एक इटालियनमधून सावकाराच्या बाकाच्या रूपाने आली आणि दुसरी उत्तरेकडच्या भाषांतून उंचवट्याच्या अर्थाने. मग त्या एक म्हणायच्या की दोन?

---

प्रतिसाद : कुतूहल

चर्चा वाचनीय आहे. एक शंका विचारतो. जपानी 'अरिगातो' आणि पोर्तुगीज 'ओब्रिगादो' या दोन्हींचा अर्थ 'आभारी आहे' असा आहे. पोर्तुगीज लोक जपानमध्ये गेले होते, तेव्हा हा शब्द त्यांनीच तिथे नेला असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. तसेच 'ऑस्ट्रेलिया' म्हणजे 'अस्त्रालय' यासारखे संदेशही सतत येत असतात. अशा जुळण्यांमध्ये तथ्य असते का? अर्थ आणि उच्चार दोन्ही जुळल्यावरही त्याला योगायोग म्हणणे मला जरा जड जाते. आणि 'मामा', 'बाबा' यांसारखे शब्द तर जगभर सापडतात, ते कसे?

---

प्रतिसाद : ध्वनिवेध

कुतूहल यांच्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण मूळ प्रश्नातला योगायोगाचा भाग त्यातच येतो.

'अरिगातो' पोर्तुगीजांनी नेला असे म्हणता येत नाही, कारण पोर्तुगीज जपानमध्ये पोहोचले ते १५४३ साली आणि ज्यापासून 'अरिगातो' आला ते 'अरिगाताशी' हे विशेषण त्याच्या कित्येक शतके आधीच्या जपानी साहित्यात आढळते. त्याचा मूळ अर्थ 'असणे कठीण', म्हणजे दुर्मिळ. जे दुर्मिळ ते मोलाचे आणि त्याबद्दल कृतज्ञता, असा त्याचा प्रवास आहे. उसनवारीचा दावा तपासताना तारीख ही पहिली कसोटी असते. देणारा येण्यापूर्वीच घेणाऱ्याच्या घरी वस्तू असेल, तर ती त्याने दिलेली नाही. 'ऑस्ट्रेलिया'ची गोष्ट त्याहून सरळ आहे. लॅटिन 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेकडचा. नकाशावर नाव कोणी आणि कोणत्या भाषेतून घातले याची लिखित नोंद असताना 'अस्त्रालय' शोधण्याचे कारण उरत नाही.

अर्थ आणि उच्चार दोन्ही जुळूनही नाते नसल्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण ऑस्ट्रेलियातच आहे. क्वीन्सलँडच्या उत्तर भागात म्बाबाराम नावाची आदिवासी भाषा होती. १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिची नोंद केली, तेव्हा कुत्र्यासाठी 'डॉग' हा शब्द मिळाला. तो इंग्रजीतून घेतलेला असणार असेच कोणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला 'गुदागा' म्हणतात, आणि म्बाबाराममध्ये शब्दाचा आरंभीचा भाग गळण्याचा आणि स्वर बदलण्याचा जो नियम इतर शब्दांतही दिसतो, तो 'गुदागा'सारख्या जुन्या रूपाला लावला की 'डॉग'च हाती येतो. इंग्रजी 'डॉग' जुन्या इंग्रजीतल्या 'डॉक्गा'पासून आला आहे. दोन्ही शब्द आपापल्या वाटेने चालत आले आणि एका रूपावर थांबले.

आपल्या ओळखीतले असे उदाहरण म्हणजे फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड'. 'बदनाम' यातला 'बद' मध्य फारसीत 'वद' होता, त्यामुळे मागे जाताना त्याचे इंग्रजी शब्दाशी असलेले साम्य वाढत नाही, उलट कमी होते. खऱ्या नात्यात याच्या नेमके उलट घडते : जितके मागे जावे तितकी रूपे जवळ येतात.

त्याहून पुढची एक गोष्ट आहे, आणि ती नवख्या वाचकाला चकित करते. कधीकधी फार जास्त साम्य हेच नाते नसल्याचा पुरावा असतो. लॅटिन 'दिएस' म्हणजे दिवस आणि इंग्रजी 'डे' म्हणजेही दिवस. पण हे शब्द एका मुळाचे नाहीत. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार लॅटिन आणि संस्कृतातल्या आरंभीच्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' यायला हवा. 'द्वि' आणि 'टू', 'दश' आणि 'टेन', 'दन्त' आणि 'टूथ' या जोड्या त्याच नियमाने जुळतात. मग 'दिएस'चा इंग्रजी नातलग 'ड'ने सुरू होणारा कसा असेल? उलट ज्यांच्यात साम्य जाणवत नाही असे शब्द सख्खे निघतात. इंग्रजीतल्या मंगळवाराच्या नावात, 'ट्यूसडे'मध्ये, 'टिव' नावाचा जुना देव लपलेला आहे, आणि तो आपल्या 'देव' या शब्दाचा नातलग आहे. ग्रीक 'थेऑस' आणि लॅटिन 'देउस' हे दोन्ही देववाचक आणि ऐकायला सारखे; तरीही 'देउस' हा 'देव'च्या कुळातला आणि 'थेऑस' वेगळ्या कुळातला. आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात, आणि तो 'द्वि'चाच भाऊबंद आहे. हे मात्र पुराव्याची पूर्ण साखळी पाहिल्याशिवाय कोणी मान्य करू नये, असेच मीही म्हणेन.

'मामा', 'बाबा' हे शब्द या सगळ्यातून वगळावेत. ओठ मिटून उघडल्यावर निघणारे 'म', 'ब', 'प' हे ध्वनी आणि 'आ' हा स्वर तान्ह्या मुलाला सर्वांत आधी साधतात आणि भोवतालची माणसे ती हाक आपल्यालाच आहे असे समजतात, असे स्पष्टीकरण रोमान याकोबसन यांनी दिले आहे. ती हाक कोणाच्या वाट्याला जाईल हे प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे ठरवते. मराठीत 'मामा' आईचा भाऊ, बऱ्याच युरोपीय भाषांत आई, आणि जॉर्जियन भाषेत चक्क वडील. तिथे आईला 'देदा' म्हणतात. 'बाबा' मराठीत आणि तुर्कीत वडील, तर रशियनमध्ये म्हातारी बाई. अशा शब्दांवरून भाषांचे नाते सिद्ध करू पाहणे व्यर्थ आहे.

---

प्रतिसाद : शब्दसूचीकार

दोघांचेही आभार. आता माझ्या यादीतल्या एका वेगळ्या अडचणीविषयी विचारतो. 'जरा' या नोंदीखाली संगणकाने म्हातारपण आणि 'थोडेसे' हे दोन अर्थ एकत्र केले आहेत, आणि 'गज' या नोंदीखाली हत्ती आणि लांबीचे माप. मराठी लिखाणात दोन्ही ठिकाणी एकच अक्षर असले, तरी बोलताना आपण 'ज' वेगवेगळा उच्चारतो. मग यांना समरूप म्हणावे का? आणि दुभाषी लेखणी यांनी उपस्थित केलेला, किती मागे जायचे हा प्रश्न मलाही अडवतो आहे. केवळ वापरावर नोंदी फोडल्या तर एकट्या 'अवकाश'च्या पाच नोंदी होतील आणि त्यांच्यातला धागा वाचकाला कधीच दिसणार नाही.

---

प्रतिसाद : दुभाषी लेखणी

'जरा' आणि 'गज' हा लिपीने घातलेला घोळ आहे. म्हातारपणाची 'जरा' संस्कृत आहे आणि तिच्यात तालव्य 'ज' आहे. 'जरा थांबा' यातला 'जरा' अरबीतल्या कण या अर्थाच्या शब्दापासून फारसीच्या मार्गाने आलेला आहे आणि त्यात दंततालव्य 'ज' आहे. हत्तीचा 'गज' संस्कृत, मापाचा 'गज' फारसी. तिथेही उच्चार निराळा. देवनागरी मराठीसाठी वापरताना या दोन ध्वनींसाठी आपण वेगळी अक्षरे केली नाहीत आणि हिंदीप्रमाणे नुक्ताही देत नाही, त्यामुळे लिहिताना जे एक दिसते ते बोलताना दोन असते. उच्चार वेगळा असेल तिथे वाद नको. सरळ दोन नोंदी कराव्यात आणि प्रत्येकीपुढे उच्चार द्यावा.

याच्या उलट प्रकार 'काज' या शब्दाचा आहे. 'कामकाज' यातले काज 'कार्य, कज्ज' या वाटेने आले आहे आणि सदऱ्याला करतात ते काज पोर्तुगीज 'काझा'पासून आले आहे. पोर्तुगीजमध्ये तो घरासाठीचा शब्द आहे आणि गुंडीच्या घरासाठीचाही. येथे मराठीत लेखन, उच्चार आणि लिंग तिन्ही एक आहेत. वापरणाऱ्याला यात भेद दाखवणारी एकही खूण मिळत नाही, आणि अशा वेळी व्युत्पत्तीचा आधार घ्यावा लागतो हे मी मान्य करतो. मात्र 'अवकाश'च्या बाबतीत माझे मत कायम आहे, की निदान प्रत्येक भाषेचा अर्थ स्वतंत्र ओळीत आणि स्वतंत्र उदाहरणासह यावा. एका ओळीत स्वल्पविराम देऊन 'अंतराळ, सुट्टी, संधी, हक्क' असे लिहिणे म्हणजे वाचकाला यांपैकी कोणताही अर्थ कुठेही चालेल असे सांगणे होय.

---

प्रतिसाद : ध्वनिवेध

स्वतंत्र ओळींची सूचना मला पूर्ण मान्य आहे. आमच्यातला मतभेद त्यामुळे बराचसा मिटतो. किती मागे जायचे, याचे उत्तर सूचीच्या हेतूवर अवलंबून आहे. टर्नर यांच्या हिंद-आर्य भाषांच्या तौलनिक कोशाचा मुख्य खंड १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जुनी संस्कृत रूपे ही शीर्षके आहेत आणि आजच्या भाषांतले शब्द त्यांच्या पोटात येतात, म्हणून तिथे दोन 'काम' एकमेकांपासून पुष्कळ अंतरावर सापडतात. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत शीर्षक आजचा मराठी शब्द असते आणि त्यापुढे संस्कृत, अरबी, फारसी अशा मूळ भाषेची खूण असते. तुमची सूची आजच्या भाषांची असल्यामुळे दुसरी पद्धत स्वीकारावी आणि मागे जाताना ज्या भाषेतून शब्द आपल्या भाषांत आला तिथे थांबावे. दोन शब्द तिथपर्यंत वेगळे असतील तर ते वेगळे. त्यामुळे इंग्रजीतल्या दोन 'बँक' अतिप्राचीन काळी एक होत्या की नाही, हा वाद तुमच्या दारी येणारच नाही.

आता राहिलेला 'बस'. बसण्याची आज्ञा असलेला 'बस' संस्कृत 'उपविशति'पासून आला आहे; जुन्या मराठीतले 'बैसणे' ही त्यामधली पायरी. 'पुरे' या अर्थाचा 'बस' फारसीतला, आणि जोर देण्यासाठी आपण त्याचे 'बस्स' किंवा 'बास' करतो. वाहनाची 'बस' इंग्रजीतून आली आणि तिची कथा मात्र चमत्कारिक आहे. लॅटिन 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्या नावाची गाडी इंग्रजीत आल्यावर लोकांनी नावाचा पुढचा भाग टाकून दिला आणि शेपूट ठेवले. 'सर्व' हा अर्थ सांगणारा भाग 'ओम्नि' होता; 'बुस' हा केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. म्हणजे आपण ज्या शब्दाने त्या गाडीला ओळखतो त्यात ना गाडी आहे ना सर्वजण, आहे ती फक्त विभक्ती. आणि हा लॅटिन प्रत्यय संस्कृतातल्या 'देवेभ्यः', 'सर्वेभ्यः' यांमधल्या 'भ्यः' या प्रत्ययाचा नातलग मानला जातो.

तेव्हा 'बस' या शीर्षकाखाली तीन क्रमांकित नोंदी कराव्यात. पहिली क्रियापदाची, तिच्यापुढे 'बसणे पाहा' एवढेच लिहावे. दुसरी अव्ययाची, फारसीची खूण देऊन. तिसरी स्त्रीलिंगी नामाची, इंग्रजीची खूण देऊन आणि कंसात लॅटिन रूप देऊन. त्यातल्या 'भ्यः'च्या नात्याचा उल्लेख मात्र सूचीत करू नये, कारण तो शब्दाचा नसून प्रत्ययाचा इतिहास आहे.